पहाटे घोंगडी, दुपारी उपरणे : नाशिककर पुरुषाच्या थंडीच्या पोशाखाचा मागोवा

नाशिकच्या थंडीबद्दल बोलताना आपण बहुधा एकच आकडा सांगतो, तो पहाटेचा. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ही डिसेंबर-जानेवारीतली वर्तमानपत्रांची ठरलेली बातमी. काही वर्षी तो ५ अंशांच्याही खाली जातो आणि मग द्राक्षबागांतल्या शेकोट्यांची छायाचित्रे छापून येतात. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता पारा कुठे होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. जानेवारीत नाशिकचे किमान तापमान सरासरीने १० अंशांच्या आसपास असते आणि कमाल २८-२९ अंशांच्या. सूर्योदय ते दुपार एवढ्या सात-आठ तासांत अठरा-एकोणीस अंशांचा फरक पडतो. पहाटे दात वाजतात आणि दुपारी सावली शोधावी लागते. सिमल्याची किंवा काश्मीरची थंडी दिवसभर अंगाला चिकटून राहते, आपली थंडी पाहुण्यासारखी येते आणि न्याहारी करून निघून जाते.

याला जोड आहे पावसाची. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवरचे हे शहर सह्याद्रीच्या उंबरठ्यावर बसले आहे. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या येवल्याला ५००-६०० मिलिमीटरच. सकाळी घाटमाथ्यावरून निघालेला माणूस संध्याकाळी सिन्नर-येवल्याच्या कोरड्या वाऱ्यात पोचतो. धुके, भुरभूर, ऊन आणि वारा हे सगळे एका दिवसात अंगावर घेणारा हा जिल्हा आहे.

अशा हवेत पुरुषांनी अंगावर काय घातले, याचा माग घेताना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. इथे कपडा किती उबदार आहे, एवढ्याच कसोटीवर निवडला गेला नाही. तो किती चटकन अंगावेगळा करता येतो आणि अंगावेगळा केल्यावर त्याचे ओझे होते की उपयोग होतो, ही दुसरी कसोटी तितकीच महत्त्वाची होती. या दोन्ही कसोट्यांना उतरलेले कपडे शतकानुशतके टिकले. जे एकाच कसोटीला उतरले, ते प्रतिष्ठेच्या बळावर आले आणि त्यांना जुन्या कपड्यांशी तडजोड करावी लागली. स्त्रियांच्या वस्त्रांचा इतिहास वेगळा आणि मोठा आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने इथे पुरुषांच्या पोशाखापुरतेच बोलू.

पांडवलेणीतला वस्त्रनिधी

नाशिकमध्ये हवामानाप्रमाणे कपड्यांची तरतूद केल्याचा अतिशय जुना लेखी पुरावा दगडात कोरलेला आहे आणि तो रोज शेकडो लोकांच्या डोळ्यांसमोर असतो. पांडवलेणी, म्हणजे जुन्या नावाने त्रिरश्मी डोंगर, तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांतला एक लेख ४२व्या वर्षाचा. हे वर्ष कोणत्या गणनेतले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला हा काळ, एवढे नक्की.

या लेखात उषवदाताने लेणे संघाला दिल्याचे तर म्हटले आहेच, शिवाय ३,००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवल्याचीही नोंद आहे. ही ठेव गोवर्धन येथल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे गुंतवली होती. गोवर्धन म्हणजे आजच्या गंगापूरजवळचे गाव. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा १ या दराने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या २,००० च्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण ‘चीवरिक’, म्हणजे वस्त्रांसाठी द्यायचे.

हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा १ प्रमाणे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२, म्हणजे २४०. एक कार्षापणही इकडचा तिकडे नाही. दान देणाऱ्याने आधी माणसे मोजली, त्यांची गरज ठरवली आणि मग मुद्दलाचा आकडा काढला असावा, असेच यावरून वाटते. पैसे कोणत्याही सावकाराकडे न ठेवता कोष्ट्यांकडे ठेवले, हेही लक्षात घेण्याजोगे. विणणाऱ्याला भांडवल मिळाले आणि पांघरणाऱ्याला वस्त्राची सोय झाली.

त्या बारा कार्षापणांत कोणती वस्त्रे येत असतील? भिक्षूंची वस्त्रे तीन : कमरेला अंतरवासक, खांद्यावरून उत्तरासंग आणि सर्वांत वर दुहेरी कापडाची संघाटी. या तीन वस्त्रांचा नियम कसा ठरला, याची कथा विनयपिटकातल्या महावग्गात आहे. माघ-फाल्गुनाच्या सांध्यावरच्या कडाक्याच्या रात्री बुद्ध उघड्यावर बसले. रात्रीच्या पहिल्या यामात एका वस्त्राने थंडी भागली. तो संपता संपता थंडी वाजू लागली, तेव्हा दुसरे वस्त्र घेतले. मधला याम संपताना तिसरे आणि पहाटे चौथे. यावरून त्यांनी ठरवले की थंडी न सोसणाऱ्या माणसालाही एवढ्यात भागवता येईल, आणि दोन एकेरी वस्त्रे व एक दुहेरी संघाटी, म्हणजे एकूण चार पदर, अशी परवानगी दिली.

कथा ऐतिहासिक आहे की नाही हा वाद बाजूला ठेवू. तिच्यातला विचार मोलाचा आहे. थंडी ही घड्याळाप्रमाणे चढत जाणारी गोष्ट आहे, म्हणून पांघरूणही पदरापदराने चढवता-उतरवता आले पाहिजे, हे तिथे अगदी स्पष्ट आहे. चीवरासाठी ज्या सहा प्रकारच्या कापडांना मान्यता होती, त्यांत कापूस, रेशीम, ताग यांच्याबरोबर लोकरीचे ‘कंबल’ही आहे. आपले ‘कांबळे’ तिथूनच चालत आले.

आणखी एक योग दिवाळी अंकाच्या वाचकांना आवडेल. वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो आणि त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना भिक्षूंना नवे चीवर मिळण्याचा, कठिन चीवरदानाचा. पाऊस सरून थंडी लागण्याच्या नेमक्या वेळी अंगावर नवे वस्त्र यावे, हा हिशेब त्यात आहे. दिवाळीला नवे कपडे घेताना आपणही जवळपास हेच करतो. फक्त आपण ते थंडीसाठी घेतो, हे विसरून गेलो आहोत.

घोंगडी : शिवण नसलेले शहाणपण

नाशिक जिल्ह्याचे नाव वस्त्रांच्या नकाशावर आहे ते येवल्याच्या पैठणीमुळे आणि मालेगावच्या यंत्रमागांमुळे. एक रेशमी, दुसरे सुती. तिसरे नाव घ्यायला हवे ते लोकरीचे, पण ते घेतले जात नाही, कारण घोंगडीला कोणी ‘वस्त्र’ म्हणत नाही.

सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव हा पूर्वेकडचा कोरडा पट्टा मेंढरांचा. मालेगावजवळच्या चंदनपुरीला खंडोबाचे ठाणे आहे. धनगराची लेक बाणाई तिथली, आणि तिच्यासाठी देवाने तिथे मेंढरे राखली, अशी लोककथा आहे. ज्या प्रदेशात देवालाही मेंढपाळ व्हावे लागले, तिथे लोकरीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ आणि बहुधा काळी. ती कातरायची, पिंजायची, चरख्यावर सूत काढायचे. ही कामे धनगरवाड्यांत होत. विणकाम मुख्यतः सणगरांचे. खड्ड्याच्या मागावर बसून ते घोंगडी विणतात. त्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे राठ धागे तुटत नाहीत आणि विणीला अंग येते. रंग द्यायचा नाही. मेंढीचा जो रंग तोच घोंगडीचा. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर ती जावळाची, तिच्या घोंगडीला मान आणि किंमत दोन्ही जास्त. न विणता लोकर दाबून, मळून केलेले जाड जेन वेगळे. ते प्रामुख्याने अंथरायला.

राठपणा हा या लोकरीचा दोष मानला जातो. मऊ मेरिनो लोकरीचा तंतू साधारण २० मायक्रॉनचा, दख्खनी लोकर त्याच्या दुपटीच्या आसपास जाड. उघड्या अंगाला ती टोचते हे खरे. पण उघड्यावर राहणाऱ्याला तोच राठपणा कामी येतो. भुरभुर पाऊस केसांवरून ओघळतो, काट्याकुट्यात कापड फाटत नाही आणि शेकोटीची ठिणगी पडली तर लोकर सुतासारखी भडकत नाही, करपून विझते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा आत घेऊनही हाताला ओली लागत नाही. मुसळधार पावसात मात्र तिची मर्यादा उघडी पडते. चिंब भिजलेली घोंगडी जड होते आणि दिवसेंदिवस वाळत नाही. निकाल न लागणाऱ्या कामाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो, ते ज्याने अशी घोंगडी वाळत घातली असेल त्याचेच शब्द असणार.

म्हणून जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन उपाय. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या भातखाचरांत बांबूच्या कामट्या आणि पानांचे इरले. वाकून आवणी करणाऱ्याची पाठ त्याने कोरडी राहते आणि हात मोकळे. पूर्वेकडे, जिथे पाऊस कमी आणि वारा जास्त, तिथे घोंगडीची खोळ. घोंगडीच्या एका बाजूची टोके एकमेकांत मोडून टोकदार टोपडे करायचे, ते डोक्यावर घ्यायचे आणि बाकीची घोंगडी पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत सोडायची. गुंडी नाही, बंद नाही, शिवण नाही. ऊन आले की खोळ मोडून घोंगडी चौपदरी खांद्यावर टाकायची. दुपारी झाडाखाली तीच अंथरूण, बाजाराच्या दिवशी तीच गाठोडे, पंचांच्या बैठकीला तीच सतरंजी आणि रात्री तीच पांघरूण. अंगावरून उतरल्यावर घोंगडी निरुपयोगी होत नाही, तिला लगेच दुसरे काम मिळते. बदलत्या हवेतल्या कपड्याची याहून चांगली परीक्षा कोणती?

या आकाराची ताकद एवढी की घोंगडी गेली तरी खोळ गेली नाही. पावसाळ्यात आजही खताच्या गोणीचा किंवा प्लास्टिकच्या कागदाचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावर घेतलेला गुराखी दिसतो. पदार्थ बदलला, घडी तीच.

छातीला दुहेरी, हाताला मोकळे

राठ घोंगडी चालते, कारण तिच्याखाली सुती कपडा असतो. शेतकऱ्याची बंडी, कोपरी, पैरण ही त्या खालच्या पदराची नावे. कोपरी म्हणजे बाही कोपरापर्यंतच. नांगर, मोट, कुऱ्हाड चालवणाऱ्याला पुढचा हात मोकळा हवा. बाराबंदीची रचना आणखी विचारपूर्वक आहे. पुढचे दोन पल्ले एकमेकांवर चढतात आणि बंदांनी बांधले जातात, त्यामुळे पाठीला एक पदर आणि छातीला आपोआप दोन. सकाळी समोरून वारा येतो तो छातीवर. बंद सैल केले की दुपारची हवा आत शिरते. गुंड्यांच्या कपड्याला उघडा आणि मिटलेला अशा दोनच स्थिती असतात, बंदांच्या कपड्याला त्यांच्या मधल्या सगळ्या.

डोक्यावरचे मुंडासे किंवा पटका हाही थंडीचाच कपडा. पहाटे त्याचा एक वेढा कानांवरून हनुवटीखाली येतो, ऊन चढले की तो पुन्हा वर जातो. विहिरीत उतरताना तोच कमरेला, ओझे उचलताना तोच चुंबळ.

गोदाकाठच्या भिक्षुकांची अडचण निराळी होती. पहाटे रामकुंडात स्नान, नंतर सोवळ्यात पूजा, आणि सोवळ्याला धुतलेले, कोणी न शिवलेले वस्त्र हवे. जानेवारीत ओलसर सुती धोतरावर तास-दोन तास बसणे म्हणजे शिक्षाच. यावर शास्त्राच्या चौकटीतच तोड निघाली : लोकर आणि रेशीम सहजी विटाळत नाहीत, अशी समजूत. त्यातून लोकरीची धाबळी सोवळ्याला चालू लागली. रूढीने थंडीला दिलेली ही सवलतच म्हणायची. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तिच्यात घोंगडी, कांबळे, धाबळी, बुरणूस असे लोकरीच्या वस्त्रांचे शब्द शेजारपाजारी नांदताना दिसतात. ज्या भाषेत एका गोष्टीला इतकी नावे, तिथे त्या गोष्टीचे प्रकारही तितके होते.

वरच्या थरात घोंगडीची जागा शालीने घेतली होती. नाशिकजवळ गंगापूरला नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई राहत होत्या. आनंदवल्लीला राघोबादादा आणि आनंदीबाई यांचे वास्तव्य होते. पेशवाईत मानाची देणगी म्हणजे काश्मिरी शालजोडी. किमतीत घोंगडीशी तुलनाच नको, पण रचना पाहिली तर दोन्ही एकच : न कापलेला, न शिवलेला, लोकरीचा लांबरुंद तुकडा. खांद्यावर घ्या, उतरवा, घडी करा. जातीपातीने आणि पैशाने दूर असलेली दोन माणसे थंडीचे उत्तर मात्र एकाच पद्धतीने देत होती.

कोटाने काय आणले

शिवलेला लोकरी कपडा आपल्याकडे आला तो सकलाद आणि बनात या नावांनी. इंग्लंडचे जाड लोकरी कापड भारतात खपवण्याची ईस्ट इंडिया कंपनीची मोठी धडपड होती. पण इथल्या हवेत त्याचे अंगरखे शिवणारे थोडे. झुली, खोगिरे, तंबू आणि नजराणे यांतच ते बरेचसे जिरले. विलायतेत उपयोगी पडणारा कपडा इथे केवळ उबदार असून चालत नाही, हे कंपनीच्या व्यापाऱ्यांना नफ्या-तोट्यातून कळले.

कापडाने जे साधले नाही, ते सत्तेने साधले. १८६० च्या दशकात देवळालीला लष्करी छावणी झाली आणि १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे धावू लागली. मुंबईला उतरलेले आणि मायदेशी परतणारे गोरे सैनिक देवळालीत मुक्काम करत. जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्यांच्या डोक्यावरच्या परिणामावरून इंग्रजीत ‘डुलाली’ असा शब्दच तयार झाला. छावणी, कचेरी, शाळा आणि स्टेशन या चार ठिकाणी कोट दिसू लागला आणि नोकरदार मराठी पुरुषाने तो उचलला.

त्या काळातली छायाचित्रे नीट पाहिली तर मजा दिसते. खाली धोतर, वर लांब कोट, डोक्यावर पगडी किंवा पागोटे आणि कोटावरून उपरणे! कोट असताना उपरणे कशाला? मला याचे उत्तर सौंदर्यात सापडत नाही, सोयीत सापडते. कोट एकदा चढवला की कचेरी सुटेपर्यंत उतरवता येत नाही. तो शिष्टाचाराने अंगाला बांधलेला असतो. घाम टिपणे, कान झाकणे, मान झाकणे ही बदलत्या हवेची कामे उपरण्याकडेच राहिली. कोटाने उपरणे हटवले नाही, त्याला सोबत घेतले. पुढे उपरण्याची जागा मफलरने घेतली, तीही याच कामांसाठी.

स्वदेशीच्या चळवळीने या पोशाखाला प्रश्न विचारला. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तीत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर भगूरचे, म्हणजे देवळालीच्या छावणीला लागून असलेल्या गावचे. सुती कपड्याला देशी पर्याय होता, लोकरी सुटाला फारसा नव्हता. कानपूरची ‘लाल इमली’, पंजाबातले धारिवाल आणि १९२५ पासून ठाण्याची रेमंड या गिरण्यांनी देशात लोकरी कापड विणले. पण त्यांना लागणारी मऊ लोकर दख्खनी मेंढीची नव्हती. देशी कापडाच्या या यशात सिन्नर-मालेगावच्या मेंढपाळाचा वाटा नव्हता.

इथे दुसरी बाजू सांगितली नाही तर इतिहास अपुरा राहील. सोय ही ज्याला निवड करता येते त्याची चैन असते. गावगाड्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या वाट्याला इतरांनी टाकलेले, उतरलेले, प्रेतावरचेही कपडे येत. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्वच्छ, नीटनेटके राहण्याचा आणि हीनपणाच्या खुणा अंगावरून उतरवण्याचा आग्रह धरला. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, आणि धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला झाली. या चळवळीतल्या माणसासाठी नवा सदरा किंवा कोट यांचा अर्थ उबेच्या पलीकडचा होता. दुपारच्या उन्हात कोट घालणाऱ्याला हसण्यापूर्वी, तो उतरवून ठेवण्याची मोकळीक त्याला किती काळ नाकारली गेली होती, हे आठवावे.

दोन सुयांवरची ऊब

आज आपण थंडीत जे घालतो, त्यांतली बरीच नावे एका दूरच्या लढाईशी जोडलेली आहेत. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बॅलाक्लाव्हाची लढाई झाली. आपल्या माकडटोपीला इंग्रजीत त्या गावाचे नाव आहे. पुढून गुंड्यांचा स्वेटर, म्हणजे कार्डिगन, हे त्या लढाईतल्या घोडदळाच्या सेनानीचे नाव. दोन्ही कपडे विणलेले, आणि दोन्ही काढता-घालता येणारे. कार्डिगन डोक्यावरून न ओढता पुढून उघडतो, माकडटोपी गुंडाळून नुसती टोपी करता येते. आपल्याकडे हे दोन इतके रुजले ते यामुळेच. स्वातंत्र्यानंतर पुढाऱ्यांनी लोकप्रिय केलेले बिनबाह्यांचे जाकीट याच जातीचे. छाती-पाठ झाकलेली, हात मोकळे. बंडीचाच हा शिकलेला भाऊ.

मराठी घरात विणकामाच्या सुया आधीच होत्या, पण १९६२ च्या चीन युद्धाने त्यांना राष्ट्रीय काम दिले. हिमालयातल्या थंडीत आपले जवान अपुऱ्या कपड्यांनिशी लढले, या बातमीने देश हळहळला आणि ठिकठिकाणी स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्याच नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. कपडा हवामानाला साजेसा नसेल तर त्याची किंमत माणसे जिवाने मोजतात, हे त्या हिवाळ्याने दाखवले.

१९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांनी थंडीच्या हंगामात शहरोशहरी स्वेटर विकण्याचा धंदा धरला. आजही हिवाळ्यात नाशिकमध्ये त्यांच्या पाली लागतात. माल बहुतेक लुधियानाचा आणि धागा बहुतेक ॲक्रिलिकचा. ॲक्रिलिक स्वस्त, हलके, रंगीत, घरी धुता येणारे. सामान्य माणसाच्या अंगावर ऊब आली ती त्यामुळे, हे मान्य केले पाहिजे. पण ते घाम शोषत नाही, आणि आगीजवळ वितळून अंगाला चिकटते. आपण त्यालाही ‘लोकर’ म्हणू लागलो. ‘लोकर आणून स्वेटर विणला’ या वाक्यातून मेंढी केव्हा निघून गेली, ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

हिवाळ्याची बाजारयादी

या सगळ्यातून नाशिकच्या हिवाळ्यासाठी एक व्यवहारी नियम निघतो. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ पदर बरे. अंगालगत सुती, त्यावर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर किंवा जाकीट, आणि सर्वांत वर पुढून उघडणारे काहीतरी, जे दुपारी हातावर किंवा पिशवीत मावेल. कान आणि मान झाकायला मफलर किंवा पंचा. पहाटे मोटारसायकलवरून जाणाऱ्याने वाऱ्याची बाजू म्हणजे छाती दुहेरी करावी, बाराबंदीसारखी. हे नवे ज्ञान नाही. त्रिरश्मीच्या भिक्षूंना आणि नांदगावच्या मेंढपाळाला ते ठाऊक होते.

पण नियम सांगून लेख संपवता येत नाही. कारण नाशिकची थंडी सगळ्यांना सारखी लागत नाही. शेतीपंपांची वीज पाळीपाळीने रात्री येते, तेव्हा गव्हाला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री चिखलात उभा असतो. पारा उतरला की द्राक्षमण्यांची वाढ थांबते, म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. दिवाळीच्या आगेमागे पेठ, सुरगाणा, कळवणहून निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरांच्या टोळ्या कामाला येतात आणि बागेच्या कडेला पाल ठोकून हिवाळा काढतात. थंडीची बातमी छापताना आपण द्राक्षांची काळजी करतो. टोळीच्या अंगावर काय आहे, हे विचारत नाही.

आणि त्याच जिल्ह्यात दख्खनी लोकर मातीमोल झाली आहे. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून मेंढपाळ ती टाकून देतात. लोकरीपेक्षा मांसासाठी मेंढी पाळणे परवडते. सणगरांचे माग एकेक करून बंद होत आहेत. राज्याचे शेळी-मेंढी विकास महामंडळ १९७८ पासून आहे, शहरांतल्या प्रदर्शनांत घोंगडी शोभेची वस्तू म्हणून थोडीफार खपतेही. पण ती ज्याच्यासाठी विणली जात होती, त्या उघड्यावरच्या माणसापर्यंत ती पोचत नाही. एकीकडे टाकून दिलेली लोकर आणि दुसरीकडे कुडकुडणारी माणसे, मध्ये अंतर फार तर एका तालुक्याचे.

उषवदाताने हे अंतर कसे मिटवले, ते दहाव्या लेण्याच्या भिंतीवर लिहिलेले आहे. वीस माणसे मोजा, त्यांना लागणारे वस्त्र ठरवा आणि पैसे विणणाऱ्याच्या हाती द्या. द्राक्षबागाईतदारांच्या संस्था आहेत, ग्रामपंचायती आहेत, साखर कारखाने आहेत. यांपैकी कोणीही ऑक्टोबरच्या छाटणीआधी आपल्या तालुक्यातल्या टोळ्यांची माणसे मोजून तेवढ्या घोंगड्यांची मागणी सणगरांकडे नोंदवू शकेल. एक घोंगडी नीट वापरली तर वर्षानुवर्षे टिकते, म्हणजे हा खर्च दरसालचा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी गोवर्धनच्या कोष्ट्यांना जमलेला हिशेब आपल्याला अवघड जाऊ नये. नाहीतर हेही एक भिजत घोंगडेच राहील.